विज्ञान-अंगण : खरबुजाचा सूर्य, राजगिऱ्याची पृथ्वी

 

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रकल्प हमखास असतो. थर्माकोलचे रंगवलेले गोळे, मध्ये पिवळाधमक सूर्य, भोवती तारेची कडी आणि शनीच्या कमरेला पुठ्ठ्याची चकती. पुस्तकातलं चित्रही तसंच असतं. डाव्या कोपऱ्यात सूर्य आणि त्याच्या पुढे प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं असावीत तसे ओळीनं आठ ग्रह.

हे चित्र क्रम शिकवायला चांगलं आहे, पण ते दोन बाबतींत आपल्याला फसवतं. एक म्हणजे आकार आणि दुसरं म्हणजे अंतर. चित्र काढणाऱ्याचा त्यात काही दोष नाही, कारण खरं चित्र पानावर मावतच नाही. समजा, वीस सेंटिमीटर रुंद पानाच्या डाव्या कडेला सूर्य आणि उजव्या कडेला नेपच्यून ठेवला. मग त्याच मापानं सूर्य काढायचा तर तो एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही बारीक होईल. पृथ्वी तर सूक्ष्मदर्शकाशिवाय सापडणार नाही. पूर्ण पान कोरं दिसेल आणि बाई विचारतील, "चित्र कुठे आहे?"

म्हणून आज आपण कागद बाजूला ठेवू आणि सूर्यमाला मोकळ्या रस्त्यावर मांडू. सामान सगळं स्वयंपाकघरातलं आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू

आपल्यापैकी बरीच मुलं हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. शाळेत तुम्ही 'बृहस्पति' म्हणता तो घरी 'गुरू' असतो. 'मंगल'चा 'मंगळ' होतो. हिंदी पुस्तकातला 'अरुण' म्हणजे युरेनस आणि 'वरुण' म्हणजे नेपच्यून. जुन्या मराठी पुस्तकांत युरेनसला 'प्रजापती' म्हटलेलं आहे आणि आजोबांच्या पंचांगात तोच 'हर्षल' या नावानं भेटतो. हे नाव कुठून आलं? १७८१ साली विल्यम हर्शेल यांनी दुर्बिणीतून हा ग्रह शोधला, त्यांच्या आडनावावरून. हिंदीतला 'क्षुद्रग्रह' आपल्याकडे 'लघुग्रह' होतो आणि 'बौना ग्रह' आपल्याकडे 'बटुग्रह'.

आणखी एक गोष्ट. आजी ज्यांना नवग्रह म्हणते ते वेगळे आणि विज्ञानाच्या पुस्तकातले ग्रह वेगळे. नवग्रहांत सूर्य आणि चंद्र आहेत, राहू-केतू आहेत, पण पृथ्वी नाही. आकाशात जे तारकांमधून सरकताना दिसतं तो ग्रह, अशी ती जुनी मोजणी होती. आज आपण सूर्याभोवती फिरणाऱ्या मोठ्या गोलांना ग्रह म्हणतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. ते वेगळे ठेवले, की भांडण होत नाही.

माप ठरवू

आपलं माप असं : १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. मग १ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर. लाख-कोटीत मोजणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे माप फारच सोयीचं.

सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणजे आपला सूर्य १४ सेंटिमीटरचा. एक बरं खरबूज घ्या. खरबुजाचा हंगाम नसेल, तर कंपासमध्ये सात सेंटिमीटर घेऊन पुठ्ठ्याची पिवळी चकती कापा.

पृथ्वीचा व्यास १२,७५६ किलोमीटर, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. राजगिऱ्याचा एक दाणा! उपवासाच्या डब्यातून दोन दाणे मागून घ्या, कारण शुक्रही जवळजवळ तेवढाच आहे. बुध अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे बारीक रव्याचा कण. मंगळ म्हणजे खसखशीचा दाणा. गुरू मात्र दीड सेंटिमीटरला थोडा कमी, त्याच्यासाठी एक गोटी चालेल. शनी म्हणजे भिजवलेला काबुली चणा. त्याची प्रसिद्ध कडी धरली तर रुंदी पावणेतीन सेंटिमीटर होते. युरेनस आणि नेपच्यून यांच्यासाठी दोन मिरे.

झाली आपली सूर्यमाला! एक खरबूज, एक गोटी, एक चणा, दोन मिरे आणि चिमटीत मावतील असे चार कण. एका वाटीत ग्रह, हातात सूर्य. आता बाहेर पडू.

चला, चालू लागू

साधारण अर्धा किलोमीटर सरळ आणि कमी रहदारीचा रस्ता किंवा मोठं मैदान हवं. बरोबर घरातलं एक मोठं माणूस हवंच. दहावी-बारावीच्या ताईपेक्षा फिरायला जाणारे आजोबा उत्तम, त्यांना वेळ असतो. तुमचं एक पाऊल अर्ध्या मीटरचं धरू. आधी टेपनं दहा मीटर मोजून वीस पावलांचा सराव करा. मग खरबूज एका टोकाला ठेवा आणि मोजत निघा.

बुध : १२ पावलं (६ मीटर)
शुक्र : २२ पावलं (११ मीटर)
पृथ्वी : ३० पावलं (१५ मीटर)
मंगळ : ४६ पावलं (२३ मीटर)
गुरू : १५६ पावलं (७८ मीटर)
शनी : २८६ पावलं (१४३ मीटर)
युरेनस : ५७४ पावलं (२८७ मीटर)
नेपच्यून : ९०० पावलं (४५० मीटर)

एक लक्षात ठेवा. खरे ग्रह असे एका ओळीत उभे नसतात. प्रत्येक जण आपापल्या अंतरावर सूर्याभोवती फिरत असतो. आपण फक्त अंतरं पाहतो आहोत.

पृथ्वीपाशी, तिसाव्या पावलावर थांबा आणि मागे वळून खरबूज बघा. ते जेवढं दिसतं, तेवढाच आपल्याला आकाशातला सूर्य दिसतो. पटत नाही? सूर्याकडे थेट बघायचं नाही, ते डोळ्यांना घातक आहे. पण पौर्णिमेचा चंद्र आकाशात सूर्याएवढाच दिसतो. संध्याकाळी खरबूज पंधरा मीटरवर धरायला सांगा आणि त्याची तुलना उगवलेल्या चंद्राशी करा. आपलं माप बरोबर आहे याचा पुरावा आकाशच देईल.

पृथ्वीच्या दाण्यापासून चंद्र किती लांब? पावणेचार ते चार सेंटिमीटर, म्हणजे फार तर दोन-अडीच बोटं. आजवर माणूस स्वतः गेला आहे तो एवढाच. आपल्या 'आदित्य एल-१' या यानाचं ठिकाण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्यापासून सूर्याच्या दिशेनं १५ सेंटिमीटरवर आहे. ते सूर्याचा अभ्यास करतं म्हणजे सूर्याजवळ गेलं असेल असं वाटतं ना? खरबूज अजून पावणेपंधरा मीटर दूर आहे.

मंगळ आणि गुरू यांच्या मधली गर्दी

मंगळापर्यंत सगळे जवळजवळ उभे असतात. मग शेहेचाळिसाव्या पावलावरून निघालो, की एकदम एकशेछप्पन्नाव्या पावलावर गुरू! मधल्या जागेत, साधारण ३० ते ५० मीटरच्या पट्ट्यात, लघुग्रह फिरतात.

सिनेमात यान या पट्ट्यातून जातं तेव्हा चारही बाजूंनी दगड अंगावर येतात आणि नायक कसाबसा वाट काढतो. प्रत्यक्षात तिथे इतकी मोकळी जागा आहे, की १९७२ साली निघालेलं 'पायोनियर १०' हे यान पहिल्यांदा या पट्ट्यातून गेलं तेव्हा सुखरूप पार झालं. त्यानंतरही अनेक यानं गेली. पट्ट्यातले लाखो लघुग्रह गोळा करून एक गोळा वळला, तरी त्याचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या शंभराव्या हिश्शाच्या चौपटीएवढंही होणार नाही. यातला सगळ्यात मोठा सेरेस, व्यास सुमारे ९४० किलोमीटर. आपल्या मापानं तो धुळीचा कण.

सेरेसची गोष्ट मजेशीर आहे. १८०१ सालच्या पहिल्याच दिवशी तो सापडला तेव्हा त्याला ग्रह म्हटलं गेलं. पुढे त्याच भागात त्याचे भाऊबंद सापडत गेले, तेव्हा लक्षात आलं, की हा एकटा नाही, ही तर एक टोळी आहे. मग त्याचं ग्रहपद गेलं. हीच गोष्ट सव्वाशे-दीडशे वर्षांनी पुन्हा घडणार होती. ती पुढे येईलच.

आत खडक, बाहेर राक्षस. असं का?

चालता चालता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. पहिले चार ग्रह अगदी छोटे, खडक आणि धातूंचे, उभं राहायला जमीन असलेले. पुढचे चार मोठे आणि पाय ठेवायला जमीनच नसलेले. गुरू आणि शनी मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियम या वायूंचे. युरेनस आणि नेपच्यून यांच्यात वायूंबरोबर पाणी, अमोनिया, मिथेन यांचा मोठा वाटा. ही वाटणी योगायोगानं झाली का?

नाही. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धूळ यांचा एक मोठा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं आक्रसला. मधोमध सूर्य तयार झाला आणि उरलेला माल त्याच्याभोवती चपट्या थाळीसारखा फिरत राहिला. म्हणूनच आजही सगळे ग्रह एकाच दिशेनं आणि जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. सूर्याजवळ इतकी उष्णता होती, की तिथे पाण्याचा बर्फ होऊच शकत नव्हता. तिथे घट्ट राहू शकले ते फक्त खडक आणि धातूंचे कण. असे कण मुळात कमी, म्हणून त्यांच्यापासून छोटे ग्रह तयार झाले.

आपल्या रस्त्यावर साधारण ४० मीटरवर खडूनं एक रेघ मारा. ही हिमरेषा. हिच्या पलीकडे एवढी थंडी होती, की बर्फही गोठून राहू लागला. आता ग्रह बनवायला खडक अधिक बर्फ असा भरपूर माल मिळाला. गोळे झपाट्यानं वाढले. एकदा ते पुरेसे जड झाले, की आजूबाजूचा हायड्रोजन आणि हीलियमही ओढून घेऊ लागले. गुरू सगळ्यात पुढे गेला. आज बाकीच्या सातही ग्रहांचं एकत्र वस्तुमान केलं, तरी गुरू त्याच्या दुपटीहून जास्त भरतो. त्याच्या ओढीमुळेच शेजारच्या पट्ट्यातल्या लघुग्रहांना एकत्र येऊन ग्रह होता आलं नाही.

म्हणजे ग्रहांची यादी पाठ करण्याची गोष्ट नाही. थाळीत उष्णता कुठे होती आणि थंडी कुठे होती, हे कळलं की यादी आपोआप समजते.

हजार रुपयांची वाटणी

वस्तुमानाचा हिशेबही बघून घेऊ. हिंदी पुस्तकात याला 'द्रव्यमान' म्हणतात. समजा, संपूर्ण सूर्यमालेचं वस्तुमान म्हणजे हजार रुपये. त्यातले ९९८ रुपये आणि वर साठ-एक पैसे एकटा सूर्य घेऊन जातो. उरलेल्या सव्वा-दीड रुपयातले ९५ पैसे गुरूचे, २८-२९ पैसे शनीचे आणि ९-१० पैसे युरेनस-नेपच्यून मिळून. आपल्या पृथ्वीच्या वाट्याला एक पैसाही येत नाही, पैशाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. या हिस्शात हिमालय, अरबी समुद्र, नर्मदा, सगळी माणसं आणि तुमचं दप्तर, सगळं आलं.

आता कळेल, की सगळे ग्रह सूर्याभोवतीच का फिरतात. घरात ज्याच्या हातात हजारातले ९९८ रुपये, त्याच्याभोवतीच सगळे फिरणार!

मुंगीच्या चालीनं प्रकाश

प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जात नाही हे तुम्ही ऐकलं असेल. तो सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो. आपल्या मापानं किती? सेकंदाला ३ सेंटिमीटर!

म्हणजे आपल्या रस्त्यावर प्रकाश एखाद्या निवांत मुंगीसारखा चालतो. खरबुजावरून निघालेल्या या मुंगीला राजगिऱ्याच्या दाण्यापर्यंत यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. नेपच्यूनच्या मिऱ्यापर्यंत पोचायला चार तासांहून जास्त. तुम्ही सकाळी शाळेत गेलात तेव्हा निघालेला प्रकाश मधल्या सुट्टीनंतर नेपच्यूनवर पोचतो.

आणि आपली पृथ्वी? सूर्याभोवती फिरताना ती दिवसाला साधारण २६ लाख किलोमीटर धावते. रस्त्यावर तो राजगिऱ्याचा दाणा दिवसभरात २६ सेंटिमीटर सरकतो, एका वितीहून थोडा जास्त. असं सरकत सरकत पंधरा मीटर त्रिज्येचं वर्तुळ पूर्ण झालं, की तुमचा पुढचा वाढदिवस येतो. नेपच्यूनचा मिरा दिवसाला पाच सेंटिमीटरही सरकत नाही. त्याची एक फेरी व्हायला सुमारे १६५ वर्षं लागतात. १८४६ साली तो सापडला. त्यानंतरची त्याची पहिली फेरी पूर्ण झाली ती २०११ साली.

प्लूटोचं काय झालं?

घरातल्या मोठ्यांना विचारा, ग्रह किती? पुष्कळ जण पटकन 'नऊ' म्हणतील. त्यांच्या शाळेत ते बरोबरच होतं. १९३० साली सापडलेला प्लूटो तेव्हा नववा ग्रह होता.

आपल्या रस्त्यावर प्लूटोचं सरासरी ठिकाण ५९० मीटरवर येतं. तो पाव मिलिमीटरचा, आपल्या चंद्राहूनही लहान. १९९२ पासून त्याच्या आसपासच्या भागात बर्फाळ गोळे एकामागून एक सापडू लागले. या भागाला कायपर पट्टा म्हणतात. तो नेपच्यूनपासून सुरू होतो आणि आपल्या मापानं साधारण साडेसातशे मीटरपर्यंत जातो. २००५ साली प्लूटोच्या तोडीचा एरिस सापडला. मग प्रश्न उभा राहिला, की याला दहावा ग्रह म्हणायचं? आणि उद्या आणखी सापडले तर?

२००६ साली ऑगस्ट महिन्यात प्राग शहरात जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहाच्या तीन अटी ठरवल्या. तो सूर्याभोवती फिरायला हवा. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल झालेला हवा. आणि त्यानं आपल्या कक्षेचा परिसर स्वतःच्या वर्चस्वाखाली आणलेला हवा. प्लूटोनं पहिल्या दोन पार केल्या, तिसरीत तो अडला. तेव्हापासून तो बटुग्रह. लघुग्रहांच्या पट्ट्यातला आपला जुना मित्र सेरेसही आता याच वर्गात आहे.

आजोबा म्हणतील, "आमच्या वेळी नऊ होते!" तर त्यांना चूक म्हणू नका. आकाशात काही बदललं नाही, प्लूटो जिथे होता तिथेच फिरतो आहे. आपल्याला जास्त माहिती मिळाली, म्हणून आपण वर्गवारी नीट केली.

सूर्यमाला संपते कुठे?

नेपच्यूनपाशी ती संपत नाही. धूमकेतूंनाच बघा. बर्फ आणि धूळ यांचे हे गोळे लांबट कक्षेत फिरतात. हॅलेचा धूमकेतू आपल्या रस्त्यावर खरबुजापासून ९ मीटरपर्यंत आत येतो आणि मग नेपच्यूनच्याही पलीकडे, ५२५ मीटरपर्यंत जातो. तो १९८६ साली येऊन गेला. घरात कुणी तेव्हा पहाटे उठून पाहिला होता का, विचारा. पुढची फेरी २०६१ साली. तेव्हा तुम्ही मोठे झालेले असाल आणि तुमच्या मुलांना तो दाखवायचं काम तुमचं.

१९७७ साली निघालेलं 'व्हॉयेजर १' हे यान आज आपल्या मापानं अडीच किलोमीटरवर पोचलं आहे. माणसानं बनवलेली इतकी दूर गेलेली दुसरी वस्तू नाही. पण त्याच्याही पुढे, सूर्यमालेला सगळीकडून वेढणारा बर्फाळ गोळ्यांचा एक विरळ ढग असावा, असं १९५० साली यान ऊर्ट यांनी मांडलं. लांबून येणाऱ्या धूमकेतूंच्या कक्षा पाहून त्यांनी तो अंदाज बांधला. आपलं खरबूज इंदूरला ठेवलं, तर हा ऊर्ट मेघ उज्जैनच्या आसपास सुरू होतो आणि जवळजवळ कन्याकुमारीपर्यंत पसरतो.

आणि सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा, प्रॉक्झिमा? तो चार हजार किलोमीटरवर, सिंगापूरच्याही थोडा पुढे, दोन सेंटिमीटरची एक मोठी गोटी. मधल्या अंतरात जवळजवळ काहीच नाही.

ही अंतरं मोजली कुणी?

तिथे टेप घेऊन कुणी गेलं नाही, मग एवढे आकडे आले कुठून?

उज्जैनची वेधशाळा तुमच्यापैकी कित्येकांनी सहलीत पाहिली असेल. सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात ती बांधली. तिथली सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र ही दगडी यंत्रं दुर्बीण नसताना आकाशातले कोन मोजतात. पण एकाच जागेवरून फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही.

अंतरासाठी दोन जागा लागतात. हात लांब करून अंगठा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो ना? डोळ्यांमधलं अंतर आणि अंगठा किती सरकला हे माहीत असेल, तर अंगठा किती दूर आहे हे गणितानं काढता येतं. १६७२ साली हाच प्रयोग मंगळावर झाला. एक 'डोळा' पॅरिसला कासिनी यांचा, दुसरा दक्षिण अमेरिकेत कायेन इथे रिशे यांचा. ग्रहांच्या अंतरांचं एकमेकांशी प्रमाण केपलर यांच्या नियमांवरून आधीच माहीत होतं. त्यामुळे एक अंतर किलोमीटरमध्ये मिळालं आणि सगळी मिळाली. सूर्य सुमारे १४ कोटी किलोमीटरवर आहे असं त्यांचं उत्तर आलं. आज रडारच्या मदतीनं आपल्याला ते १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७० किलोमीटर इतकं नेमकं माहीत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांसाठी काही वाईट गुण नाहीत!

घरी परत जाताना

नेपच्यूनच्या मिऱ्यापाशी उभं राहून मागे बघा. खरबूज आता जेमतेम ठिपक्याएवढं दिसेल. राजगिऱ्याचा दाणा तर कुठे ठेवला होता तेही सापडणार नाही.

पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह शेजारी शेजारी असतात. त्यामुळे वाटतं, की इथलं बिघडलं तर पलीकडच्या घरात जाऊ. रस्त्यावर चालून आल्यावर तसं वाटत नाही. माणूस गेला आहे चार सेंटिमीटर. मंगळ सगळ्यात जवळ येतो तेव्हाही साडेपाच मीटर दूर असतो आणि तिथे श्वास घ्यायला हवा नाही. संपूर्ण अर्धा किलोमीटरच्या रस्त्यावर नद्या-समुद्र आणि श्वास घेता येईल अशी हवा एकाच दाण्यावर आहे. पाणी जपा, झाडं लावा असं मोठी माणसं सारखी सांगतात, त्यामागचा हिशेब हा असा आहे.

येत्या सुट्टीच्या दिवशी हा प्रयोग जरूर करा. परतताना सगळे ग्रह गोळा करायला विसरू नका. सूर्य घरी नेऊन कापून खाल्ला तरी चालेल.

या वेळचे प्रश्न

१. प्रकाशाची मुंगी सेकंदाला ३ सेंटिमीटर चालते. अडीच किलोमीटरवरच्या 'व्हॉयेजर १'पर्यंत पोचायला तिला किती तास लागतील?
२. नवग्रहांपैकी किती जण आजच्या व्याख्येनुसार खरोखर ग्रह आहेत?
३. तुमचं घर म्हणजे सूर्य धरलं, तर नेपच्यून तुमच्या ओळखीच्या कुठल्या दुकानापाशी किंवा चौकात येईल?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं संपादकांकडे पाठवा. तिसऱ्याचं उत्तर स्वतः चालून शोधा. पुढच्या अंकात भेटू, तोवर आकाशाकडे लक्ष असू द्या!